आखूड केसांची रांग

आमच्या घरात बी.ए. झालेली पहिली मीच. घरातच काय, सगळ्या आळीत. हे मी सांगते तेव्हा लोकांना वाटतं, बाई मिरवते. मिरवतेच. आईबापानं दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागायचं, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचं आणि त्यातून एका पोरीला बीडच्या वसतिगृहात ठेवायचं, ही काय साधी गोष्ट नव्हती. माझी पदवी चौकटीत घालून भिंतीला लावलेली आहे. ती तिथंच राहील.

पण त्या पदवीचा शेवटचा पेपर देऊन घरी आले त्याच उन्हाळ्यात मी माझ्या धाकट्या बहिणीचे केस कापले. ते सांगायचं राहून गेलंय.

ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. नववी झाल्यावर तिची शाळा सुटली. कुणी मुद्दाम सोडवली असं नाही. आई आणि आण्णा फडात ऊस तोडणार, मग तळावरच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळक्या पाचटाच्या झोपडीत, भाकरी कोण थापणार, पाणी कोण आणणार? मी वसतिगृहात होते. राहिली ती. म्हणजे मी शिकले त्यात तिचा वाटा किती, हे वेगळं सांगायला नको. ती मात्र मला कधी बोलली नाही. उलट तळावरच्या बायांना सांगायची, "आमची आक्का कालेजात हाय. विंग्रजी पेपर वाचती."

देवानं केस मात्र सगळे तिलाच दिले होते. माझी वेणी म्हणजे उंदराची शेपटी. तिचे केस ती पाटावर बसली की जमिनीला टेकायचे. काळे, जड, आणि सरळ म्हणजे दोरीसारखे सरळ. आई दर आठ दिवसांनी तिला पुढ्यात घेऊन बसायची, खोबरेल तेल चोळायची आणि फणी फिरवायची. तिच्या डोक्यावरून झाली की तीच फणी आई स्वतःच्या डोक्यातून ओढायची. फणीला आलेलं दोघींचं गुंतवळ बोटाला गुंडाळून त्याची गोळी करायची आणि चिंधीत बांधून ठेवायची. तळावर असली तरी आणि घरी कोनाड्यापाशी बसलेली असली तरी तेच. केसावर भांडी देणारी बाई दारावरून गेली की त्या चिंधीतल्या गोळ्यांचा चमचा व्हायचा, नाहीतर वाटी.

विंचरता विंचरता आईचं एक बोलणं ठरलेलं होतं. "हिच्या लग्नात गंगावन लागायचं न्हाई. माझ्या हातानं आंबाडा घालीन, निस्त्या हिच्या केसाचा. बघत्याल लोक."

गंगावन, म्हणजे बाजारात मिळणारा परक्या केसांचा झुबका, आईच्या स्वतःच्या लग्नात लावावा लागला होता आणि कुणीतरी त्यावरून बोललं होतं. ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. आमच्याकडं पोरीच्या अंगावर सोनं नसलं तर लोक समजून घेतात. केस नसले तर बाया एकमेकींना कोपर मारतात.

ते बोलणं मीही दहादा ऐकलेलं होतं. पण वसतिगृहात गेले आणि विसरले.

पदवीच्या शेवटच्या वर्षी मार्गशीर्षात आई तळावरच गेली. कावीळ झाली होती. मला निरोप मिळाला तोवर तिला गावी आणलेलं होतं. आण्णा भिंतीला टेकून बसलेले आणि धाकटी चुलीपुढं. तिसऱ्या दिवशी आत्या, म्हणजे आण्णांची थोरली बहीण, म्हणाली, "पोरीचं वर्षाच्या आत उरकून घ्या. न्हाईतर तीन वर्सं थांबावं लागंल." ही आमच्याकडची रीत. घरात आई-बाप गेले की लग्न वर्ष फिरायच्या आत करायचं, नाही जमलं तर पुढं तीन वर्षं नाव काढायचं नाही. थोरली मी, पण माझं शिक्षण चालू होतं, म्हणून नंबर धाकटीचा लागला. नुकतीच अठरा पुरी झाली होती.

फाल्गुनात नारायणगडाकडचे पाहुणे येऊन बघून गेले. मी परीक्षेमुळं नव्हते. पसंती झाली. दुष्काळ होता, दोन वर्षं नीट पाऊस नव्हता. ऊसच नाही म्हणून कारखान्याचं गाळप लवकर थांबलं, आईच्या दिवसांनंतर पुन्हा तळावर गेलेले आण्णा आणि ती लवकर परत आले, आणि बैलं चारा छावणीत गेली. अशात लग्नाचा मांडव कोण घालणार? आण्णा ज्या सहकारी कारखान्याला ऊस तोडायचे, त्यानंच सामुदायिक लग्नं लावायचं ठरवलं होतं. वैशाखात, पन्नासेक जोडप्यांची, कारखान्याच्या मैदानावर. नाव नोंदवलं आणि सगळे मोकळे झाले.

मी पेपर देऊन चैत्रात घरी आले. ती भाकरी करत होती, तिथंच बसून मी सगळं विचारून घेतलं.

"पाहुण्यांनी काय इचारलं?"

"काय न्हाई. नाव इचारलं. सैपाक येतो का म्हणले. मग बायकांत नेलं अन् आत्या म्हणली, केसं सोड. सोडले."

"सोडले? बैल घ्यायला आलते का ते, दात बघायला?"

ती हसली. "बैलाचे दात बघतेत आक्का. शेपूट कुणी सोडून बघत न्हाई."

मला हसू आलं नाही. मी नुकतीच पुस्तकांतून बाहेर पडलेली होते. बाईला वस्तूसारखं बघणं यावर मी परीक्षेत तीन पानं लिहून आले होते, आणि माझ्याच घरात माझ्याच बहिणीला केस सोडून उभं केलेलं. सासूनं म्हणे केस हातात धरून बघितले, खरे आहेत का म्हणून. मला ते चार दिवस आतल्या आत खात राहिलं.

त्यात पाणी. टँकर पाचव्या दिवशी यायचा. तोही आळीच्या तोंडाशी, आणि मग धावाधाव. तिचे केस धुवायचे तर दोन घागरी लागायच्या. एका दुपारी ती न्हायला बसली आणि आण्णा बाहेरून नुसते म्हणाले, "पानी जपून." ती तशीच ओल्या केसांनी उठली. साबण नीट निघाला नव्हता.

मी शेजारच्या शिंपीणबाईकडून कात्री आणली.

"दोन घागरीत आपल्या दोघींच्या आंघोळी व्हतात," मी म्हणाले. "अन् त्या लोकांनी केसं बघून तुला पसंत केलं आसंल तर त्यांना कळू दे, केसं म्हणजे तू न्हाईस."

तिनं वेणी पुढं घेतली. "आक्का, आईनं वाढवलेत गं."

"आई आसती तर तिनंच कात्री घेतली आसती. कोरड्या घशानं केसं वाढवायचे का?"

हे मी कशाच्या जोरावर बोलले, मला माहीत नाही. आईशेजारी तळावरच्या चार हिवाळ्यांत मी एक दिवस बसले नव्हते. ती बसली होती. पण ती म्हणाली, "तू शिकलीस. तुला कळतंय," आणि माझ्याकडं पाठ करून बसली. यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी थांबले असते.

वेणीला वर-खाली रबर बांधून मी मानेपाशी कात्री घातली. एका झटक्यात होईल असं वाटलं होतं. पण जाड वेणी, कात्री बोथट, करकर करत बराच वेळ लागला. ती हलली नाही. झालं तेव्हा तिनं मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हलकं लागतंय."

वेणी मी खुंटीला टांगली. तीन-चार दिवसांनी भांडीवाली आली. धाकटी तेव्हा आण्णांची भाकर घेऊन छावणीत गेली होती. भांडीवालीनं वेणी हातावर तोलली, बोटांनी ओढून बघितली. "तरन्या पोरीचे दिसतेत. वाटी देऊ का डबा?"

"कळशी," मी म्हणाले. "स्टीलची. ती मोठी."

"येवढ्याला कळशी न्हाई बसत बाई."

"मग ऱ्हाऊ द्या."

ती दोन घरं पुढं गेली आणि परत आली. मी कळशी घेतलीच. खरं सांगते, मला अभिमान वाटला. टँकरच्या दिवसांत भांडं म्हणजे पाणी. डोक्यावरचा बोजा गेला आणि घरात कळशी आली, याहून चांगला हिशोब कोणता?

धाकटी छावणीतून आली. मी कळशी दाखवली. तिनं खुंटीकडं बघितलं, मग कळशीकडं. उचलली, आत डोकावली. "मोठी हाय," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी टँकरवर तीच घेऊन गेली.

आठ दिवसांनी आत्या आली. उंबऱ्यातच थांबली.

"आगं भवाने, काय केलंस हे?"

"मी केलं आत्या," मी पुढं झाले. "पाणी न्हाई, आन्..."

"तू गप. तुला इचारलं का? पाहुण्यांनी काय बघून हो म्हणलं?"

"पोरगी बघून."

"पोरगी! पोरी काय कमी पडल्यात व्हय जगात?" आत्या मटकन खाली बसली. "बिनआईची लेक, अंगावर सोनं न्हाई, केसाची तेवढी शोभा व्हती. आता लगीन मोडलं तर तीन वर्सं कोन इचारतंय हिला? तू देशील का कालेजातून नवरा आणून?"

 मी हे तीन वर्षांचं विसरूनच गेले होते. आण्णा एवढंच म्हणाले, "केस येतेत माघारी." पण लग्नाला जेमतेम महिना उरला होता.

मग आळीतल्या बाया जमल्या आणि माझ्या बहिणीच्या डोक्याचा विचार सुरू झाला. ती मधे बसलेली, आणि चारी बाजूंनी हात तिच्या केसांत.

"खोपा घाला. उंच दिसती."

"येवढ्याचा खोपा? चिमणीचं घरटं दिसंल."

"मग वेणीत गंगावन गुंफा. पाठीवर लांब दिसतं."

"अन् कुणी वढलं तर हातात यील, मग काय करती? आखूड केसाला आंबाडाच बरा, मानेवर बसका. वरून जाळी, वरून गजरा. अन् पदर डोईवर."

"पदरावरून कोन बघतंय!"

"सासू बघंल की. ती काय पदरावरून बघायची हाय?"

सगळ्या हसल्या. धाकटीपण हसली. ठरलं, अंबाडा. आत्यानं सिरसाळ्याच्या बाजारातून गंगावन आणलं. घरात काळं दिसायचं, उन्हात धरलं की तांबूस. धाकटीनं आरशापुढं ते मानेवर लावून बघितलं. मग हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"आक्का, हे कुणाचे आसतेल गं केसं?"

मी म्हणाले, "काय माहीत."

"कुणी कळशी घेतली आसंल का ह्याच्यावर?"

ती खरंच विचारत होती. मी उठून बाहेर गेले.

लग्नाच्या दिवशी सकाळीच ऊन तापलेलं. मैदानावर मांडव, आणि शेजारच्या शाळेत नवऱ्या. सगळ्यांना कारखान्यानं दिलेली एकसारखी पिवळी साडी, खांद्यावर टाचणीनं लावलेला नंबर. तालुक्याची एक पार्लरवाली बाई दोन मदतनीस घेऊन आलेली होती. पन्नास डोकी मुहूर्ताच्या आधी उरकायची होती. तिनं टाळी वाजवली आणि ओरडून सांगितलं, "लांब केसांच्या मुली खिडकीकडं! आखूड केसांच्या फळ्याकडं!"

फळ्याकडच्या बाकावर गंगावनं, जाळ्या आणि जास्तीच्या पिना मांडल्या होत्या. पटापट काम व्हावं एवढाच तिचा हेतू. तिचं काही चुकलं नाही.

माझी बहीण खिडकीकडं गेली.

तिनं विचार केला असेल असं मला वाटत नाही. अठरा वर्षं ती लांब केसांची होती. पाय आपोआप वळले. त्या रांगेत पोरींच्या वेण्या कमरेवर, कुल्ल्यावर लोंबत होत्या, आणि त्यांत ती डोक्यावर पदर घेऊन उभी. मदतनीस मुलगी ओळीनं पदर मागं सारत आली, तिचाही सारला, आणि म्हणाली, "ताई, तुमी त्या रांगेत." सगळ्यांनी वळून बघितलं. ती खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि फळ्यापाशी जाऊन उभी राहिली. फळ्यावर सुट्टीच्या आधीचा सुविचार अर्धा पुसलेला होता. नंबर येईपर्यंत ती त्याच्याकडंच बघत होती.

मी आणि आत्या तिच्या मागं होतो.

नंबर आला. पार्लरवालीनं केस मोकळे केले. "गंगावन आणलंय का आमचं लावू?"

आत्या पिशवीत हात घालेपर्यंत धाकटीनं कमरेची चिंधी काढली. आईच्या जुन्या लुगड्याची, मी लगेच ओळखली. आत गुंतवळाच्या गोळ्या.

"हे आत भरा," ती म्हणाली. "वरून माझेच केसं गुंडाळा. बारका आंबाडा व्हईल. व्हऊ द्या."

पार्लरवाली हसली. "आता कोन भरतंय गुंतवळ? माझी आजी भरायची. कुणाचंय?"

"आईचं अन् माझं. एकाच फणीचं हाय. आजारी पडायच्या आदल्या दिशी तिनं इंचरलं व्हतं."

"मग आईलाच बोलवा की. त्यांना सवय आसंल."

 मग आत्या पुढं झाली. "आई न्हाई तिची. वर्सबी झालं न्हाई." आणि धाकटीच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "बाय, मेल्या मानसाचे केसं डोईवर घिऊन अक्षदा घेत्यात का? अपशकुन आसतो."

"आई कवापसून अपशकुन झाली, आत्या?"

आत्याचे डोळे भरले, पण हात निघाला नाही. तिलाही भीती होती, ती काही दुष्ट बाई नव्हती. पार्लरवालीनं मागची रांग बघितली. "मला काय हो, मी दोन्ही घालते. पण लवकर सांगा." मग माझ्याकडं बघितलं. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्ही सांगा."

धाकटीनं आरशातून माझ्याकडं बघितलं. तिला माझ्याबद्दल खात्री होती. अंधश्रद्धेवर बोलून मी वसतिगृहात पहिला नंबर काढला होता, ते भाषण मी पत्रातून तिला तळावर सगळं लिहून पाठवलं होतं. मी काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं.

मला एवढंच दिसत होतं, की एक चूक माझ्या हातून होऊन बसली आहे. उद्या तिथं काही कमी-जास्त झालं, कुणी आजारी पडलं, सासरी बोल लागला, तर म्हणतील, थोरलीनं आधी केस कापले आणि मग मेलेलीचे केस डोक्यात घातले. कात्री चालवताना मी कुणाला भ्याले नव्हते. तिथं भ्याले.

"गंगावन लावा," मी म्हणाले.

तिनं चिंधीची गाठ परत बांधली आणि खांद्यावरून मागं, न बघता, माझ्या हातात दिली. "मग तूच ठीव."

अंबाडा छान झाला. मोठा, गोल, वर जाळी, वर गजरा. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. मी पिशवीत चिंधी घेऊन मांडवात उभी राहिले. भाषणं लांबली, अक्षता पडल्या, बँड वाजला. मग पाया पडणं सुरू झालं. सासूच्या पायावर ती वाकली आणि उठताना घामानं सुटलेलं गंगावन जाळीसकट एका बाजूला घसरलं. पदर सरकला. मानेवरचे आखूड केस उघडे पडले.

आत्यानं तोंडावर हात घेतला. मी दोन पावलं पुढं गेले, काय करायला कोण जाणे.

सासूनं बघितलं. मग आपल्या डोक्यातल्या दोन पिना काढल्या, दातांत धरल्या, गंगावन उचलून मानेवर बसवलं आणि पिना खोचल्या. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. कावून लाजती? माझ्याबी लग्नात गंगावनच व्हतं." मग शेजारच्या बाईला मोठ्यानं म्हणाली, "मी तर म्हणलं व्हतं, सुनंचे केसं धुवायला येगळा टँकर लावावा लागतो काय! वाचलं की पानी."

सगळे हसले. मांडवात हशा झाला. त्या बाईला केसांचं काही पडलेलं नव्हतं. फाल्गुनात तिनं केस हातात धरले ते चारचौघी बघतात म्हणून बघितले, आणि विसरली. लग्न मोडणार नव्हतं. कधीच मोडणार नव्हतं. अंबाडा लिंबाएवढा असता तरी चालला असता, आणि त्यात काय भरलंय हे कुणी विचारलं नसतं.

धाकटीपण हसत होती. हसता हसता तिनं गर्दीतून माझ्याकडं बघितलं. मी पिशवी छातीशी धरलेली होती. मीच मान वळवली.

रुखवतात आत्यानं ती कळशी ठेवली होती. ती तिच्याबरोबर गेली.

पुढं मला नोकरी लागली. हायस्कूलात शिकवते. घर बांधलं, बोअर घेतला, गच्चीवर टाकी बसवली. धाकटी दर दसऱ्याला नवऱ्याबरोबर तोडीला जाते आणि उन्हाळ्याला परत येते, आईसारखी. केस तिनं पुन्हा वाढवले नाहीत. विचारलं तर म्हणते, "फडात पाचट आडकतं. आखूड बरे." आण्णा म्हणाले होते तसे केस माघारी आले असते. तिनं येऊ दिले नाहीत.

गेल्या गुढीपाडव्याला ती माझ्याकडं आली. मी म्हटलं, बस, डोकं धुऊन देते. न्हाणीत नळ सोडला आणि तिच्या डोक्यावर पाणी घालत राहिले. दोन घागरी, चार, किती ते मोजलं नाही. तीच खालून म्हणाली, "आगं बास, कावून सांडिती?"

मग गच्चीवर उन्हात पुढ्यात घेऊन बसले. केस विरळ झालेत, कानावर पांढरे आलेत. फणी फिरवताना मला वाटलं, आता बोलावं. उठून कपाटातून चिंधी आणली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

तिनं गाठ सोडली. गोळ्या अजून काळ्या होत्या, आईचे आणि तिचे वेगळे काढता येणार नाहीत अशा. तिनं एक नाकाशी धरली. "तेलाचा वास गेला," म्हणाली.

"तू घिऊन जा," मी म्हणाले. "तुझंच हाय ते. त्या दिशी मी..."

"आक्का." तिनं गोळी परत चिंधीत ठेवली, गाठ मारली, पूर्वीसारखीच, दोन वेढ्यांची. "आता काय करू मी ह्याचं? तवा पायजे व्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. भाकरीला मीठ कमी आहे हे सांगावं तसं सांगितलं. मग माझं तोंड बघून तिलाच वाईट वाटलं असावं, कारण ती म्हणाली, "ती कळशी मात्र लई चांगली निघाली बघ. दर साली टरकात घालून नेते तळावर. आजून कुठं गळत न्हाई."

मी हो म्हणाले.

"चल, वेणी घाल. साडेचारची गाडी हाय माझी."

मी केसांचे तीन पेड केले. एक वळसा पडला, दुसऱ्याला केस पुरेनात, बोटांतून निसटले. पुन्हा केले, पुन्हा तेच. ती शांत बसून होती, त्या दिवशी बसली होती तशीच, माझ्याकडं पाठ करून. तेवढ्या केसांची वेणी होत नाही. मी रबर लावलं.